खोक्यावरचे वॅट आणि भिंतीतले अर्थिंग

पत्राचा सारांश : पत्रलेखिका २७ वर्षांच्या असून इंदूरच्या रामबागेत, आजोबांनी बांधलेल्या घराच्या माडीवर बसून वास्तुविशारदांसाठी इमारतींची त्रिमितीय चित्रे आणि छोट्या चित्रफिती तयार करून देतात. सात वर्षांपूर्वीचा संगणक आता कामाला पुरत नाही, म्हणून त्यांनी राइझन ९ ९९५०एक्स हा प्रोसेसर आणि आरटीएक्स ५०७० टीआय हे ग्राफिक्स कार्ड घ्यायचे ठरवले आहे. घोडे अडले आहे ते पॉवर सप्लायवर, म्हणजे भिंतीतली वीज संगणकाला लागेल तशी करून देणाऱ्या पेटीवर. दुकानदार म्हणतात, '१२०० वॅटचाच घ्या, पुढची काळजी नको.' पुण्याच्या आतेभावाचा हिशेब असा की प्रोसेसरचे १७० आणि कार्डाचे ३०० मिळून ४७० वॅट होतात, तेव्हा जुना ५५० वॅटचा सप्लाय पुरेल. बाबांना १२०० हा आकडा ऐकूनच विजेच्या बिलाची आणि घरातल्या जुन्या वायरिंगची धास्ती वाटते. हातात उरलेल्या पैशांत '७५० वॅट' असे छापलेला एक स्वस्त सप्लाय तेवढा बसतो. सध्याचा संगणक दुपारी रेंडर करताना, म्हणजे अंतिम चित्र तयार करताना, अधूनमधून आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होतो, त्यामुळे जुन्या सप्लायवरही त्यांचा विश्वास उरलेला नाही. पत्राच्या शेवटी जाता जाता एक वाक्य आहे : 'तसे कॅबिनेटला हात लागला की थोड्या झिणझिण्या येतात, पण त्याची आता सवय झाली आहे.' किती वॅटचा सप्लाय घ्यावा, असा त्यांचा प्रश्न आहे.

स. न.

तुम्हांला एका आकड्यात उत्तर हवे असेल तर ते ८५० आहे, आणि हात आखडता घ्यावा लागला तर ७५०. दुकानदारांनी सुचवलेल्या १२०० वॅटची तुम्हांला गरज नाही, आतेभावाने सुचवलेला ५५० वॅटचा सप्लाय या यंत्राला पुरणार नाही, आणि पैशांत बसणारा तो स्वस्त '७५०' बहुधा ७५० वॅटचा नाहीच. हे सारे का, ते पुढे सविस्तर लिहितो. मात्र तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा माझी नजर अडली ती सवय झालेल्या त्या झिणझिण्यांपाशी. तुम्ही ते वाक्य तळटिपेसारखे लिहिले आहे. मी असतो तर पत्राची सुरुवातच तिथून केली असती. तिकडे वळण्याआधी वॅटचा हिशेब उरकून घेऊ, कारण घरातला वाद त्यावरून चालला आहे.

आधी बाबांची धास्ती. पॉवर सप्लायच्या, म्हणजे आपण सर्रास ज्याला एसएमपीएस म्हणतो त्याच्या, खोक्यावर जे वॅट छापलेले असतात ती त्याची क्षमता असते. तो तेवढी वीज सतत खातो असा त्याचा अर्थ नव्हे. नर्मदेचे पाणी ठरलेल्या वेळीच येते म्हणून आपण गच्चीवर हजार लिटरची टाकी बसवतो, पण टाकी हजार लिटरची आहे म्हणून घरातले कोणी दिवसातून चारदा अंघोळ करत नाही. संगणक जेवढी वीज मागतो तेवढीच सप्लाय पुरवतो, आणि ती पुरवताना उष्णतेच्या रूपाने जे थोडे वाया जाते तेवढे भिंतीतल्या सॉकेटातून जास्तीचे ओढतो. तुमचे नवे यंत्र पूर्ण जोमाने चालत असताना आत ६०० वॅट लागतात असे धरले, तर ९० टक्के कार्यक्षमतेचा सप्लाय सॉकेटातून साधारण ६६७ वॅट घेईल आणि ८५ टक्के कार्यक्षमतेचा ७०६ वॅट. रोज सहा तास आणि महिन्यातले २६ दिवस एवढे काम धरले, तर या दोहोंत महिन्याला सहा युनिटांचा फरक पडतो. युनिटमागे आठ रुपये धरले तरी तो पन्नास रुपयांच्या आतच राहतो. तेव्हा बिलाच्या भीतीने लहान सप्लाय घेण्यात अर्थ नाही, आणि बिल वाचेल म्हणून महागडा घेण्यातही फारसा नाही. वायरिंगचे म्हणाल तर ६६७ वॅट म्हणजे २३० व्होल्टला तीन अँपिअरही होत नाहीत. ६ अँपिअरच्या साध्या सॉकेटाला हे सहज पेलते, आणि बाबांच्या खोलीतली हजार वॅटची इस्त्री याहून अधिक वीज ओढते. इस्त्री आणि संगणक एकाच एक्स्टेंशन बोर्डावर लावू नयेत एवढे पथ्य मात्र पाळावे.

आता आतेभावाचा हिशेब. तो चुकीचा नाही, अपुरा आहे, आणि ही चूक इतकी सर्वत्र होते की तिची फोड करणे इतर वाचकांनाही उपयोगी पडेल. तुमच्या प्रोसेसरवर १७० वॅट लिहिलेले असतात खरे, पण तो आकडा मुख्यतः त्याला थंड कसे ठेवावे याच्या आखणीसाठी असतो. सर्व गाभे (कोअर) एकदम कामाला लागतात तेव्हा हा प्रोसेसर मूळ सेटिंगमध्येच मदरबोर्डाच्या सॉकेटातून २३० वॅटपर्यंत घेऊ शकतो, आणि तुमच्या कामात सर्व गाभे एकदम कामाला लागणे ही रोजची गोष्ट आहे. त्यात कार्डाचे ३०० मिळवा. मदरबोर्ड, रॅम, दोन एसएसडी, एक जुनी हार्ड डिस्क, पंखे आणि पाण्याचा कूलर घेतलात तर त्याचा पंप, या सगळ्यांचे सत्तरएक वॅट धरा. बेरीज ६०० झाली, म्हणजे ५५० तर इथेच संपले.

शिवाय ही बेरीज सरासरीची आहे. ग्राफिक्स कार्ड नळासारखी एका धारेने वीज घेत नाही. सेकंदाच्या हजाराव्या किंवा त्याहूनही लहान भागापुरती त्याची मागणी एकदम उसळते आणि तितक्याच झटक्याने खाली येते. ३०० वॅटचे कार्ड अशा क्षणी त्याच्या दीडपट-दुपटीपर्यंत उडी मारू शकते. सॉकेटावर लावलेल्या मीटरला ही उडी दिसत नाही, पण सप्लायमधल्या संरक्षक मंडलाला ती दिसते, आणि आपल्यावर अतिभार आला असे समजून ते सगळे यंत्र बंद करून टाकते. रेंडर अर्ध्यावर असताना पडदा काळा होतो आणि विंडोजची बिघाडाची सूचनाही येत नाही, ती बहुतेकदा अशी. इंटेलने १९९५ साली आखलेल्या एटीएक्स या नियमावलीची ३.० ही आवृत्ती २०२२ साली आली, ती मुख्यतः या उड्यांसाठीच. नव्या सोळा पिनांच्या जोडणीसह येणाऱ्या सप्लायने १०० मायक्रोसेकंदांपुरता आपल्या क्षमतेच्या दुप्पट भार सोसलाच पाहिजे, अशी तिची अपेक्षा आहे. पुढच्या वर्षी ३.१ आली. तुम्ही घ्याल त्या सप्लायच्या खोक्यावर 'एटीएक्स ३.१' हे शब्द असावेत. तुमचा सात वर्षांपूर्वीचा सप्लाय चांगल्या कंपनीचा असला तरी त्याला हे ठाऊक नाही, आणि त्यातल्या कपॅसिटरांनी, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागांनी, माडीवरचे सात उन्हाळे काढलेले आहेत.

दुकानदार लबाड आहेत असे मला म्हणायचे नाही. 'सप्लाय फार मोठा दिलात' अशी तक्रार घेऊन गिऱ्हाईक कधी परत येत नाही, 'लहान पडला' म्हणून मात्र येते. तेव्हा १२०० सांगणे त्यांच्या सोयीचे असते. ५०७० टीआय या कार्डासाठी खुद्द एनव्हिडिया ही ते घडवणारी कंपनी ७५० वॅटचा सप्लाय सुचवते, आणि त्यात बाकीच्या यंत्राची जागा धरलेली असते. तुमचा प्रोसेसर नेहमीपेक्षा खादाड आहे आणि उन्हाळ्यात माडी तापते, म्हणून मी एक पायरी वर जाऊन ८५० म्हणतो. दोनएक वर्षांत ५०९० च्या वर्गातले, म्हणजे एकटेच ५७५ वॅट घेणारे कार्ड बसवण्याचा तुमचा पक्का बेत असेल, तर मात्र १००० वॅटचा आजच घेणे शहाणपणाचे ठरेल, कारण त्या कार्डाला कंपनीची शिफारसच तेवढी आहे. नुसते 'पुढे कधीतरी' असेल तर त्यासाठी आज पैसे अडकवू नका. आणखी एक बारीक गोष्ट अशी की फार मोठा सप्लाय हलक्या कामात, म्हणजे ईमेल लिहिताना किंवा नकाशे पाहताना, आपल्या क्षमतेच्या दहा टक्क्यांहूनही खाली चालतो, आणि तिथे त्याची कार्यक्षमता घसरते.

सर्वांत जपून राहायचे ते त्या स्वस्त '७५०'पासून. असाच एक सप्लाय हे लिहिताना माझ्या टेबलावर आहे. एका ओळखीच्या घरून दुरुस्तीला आलेला. पेटीवर रंगीत अक्षरांत ७५० छापले आहे. बाजूच्या लेबलावर मात्र, बारीक अक्षरांच्या कोष्टकात, १२ व्होल्टच्या रकान्याखाली २४ अँपिअर असे लिहिले आहे. बारा गुणिले चोवीस म्हणजे २८८ वॅट. आजच्या संगणकात प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड या दोन्ही मोठ्या खाणाऱ्यांचे पोट १२ व्होल्टवरच भरते. ५ आणि ३.३ व्होल्टच्या रकान्यांत कितीही मोठे आकडे असले तरी ते त्यांच्या कामाचे नाहीत. खऱ्या ७५० वॅटच्या सप्लायवर याच रकान्यात ६२ अँपिअरच्या आसपास आकडा असतो आणि ८५० च्या सप्लायवर ७० च्या आसपास. दुकानात गेल्यावर खोके पाहू नका, पेटी हातात घेऊन हा एक रकाना वाचा आणि मोबाइलवर गुणाकार करा. खोके उघडून दाखवायला नकार मिळाला तर दुसरे दुकान गाठा. जेल रोडच्या बाजूला दुकानांना तोटा नाही.

टेबलावरच्या या पेटीचे झाकण मी काढलेले आहे (तुम्ही काढू नका, आतल्या मोठ्या कपॅसिटरांत प्लग काढल्यावरही काही काळ तीनशेहून अधिक व्होल्ट टिकून राहू शकतात). वीज जिथून आत येते तिथे विजेतला गोंगाट, म्हणजे नको असलेली खरखर, गाळणाऱ्या तारेच्या गुंडाळीसाठी सर्किटच्या पाटीवर जागा आखलेली आहे, नावही छापलेले आहे, पण गुंडाळी नाही. तिच्या जागी तारेचे दोन तुकडे डाखून दिलेले आहेत. शेजारचा एक कपॅसिटर डोक्यावर फुगला आहे आणि त्याच्या बुडाशी तपकिरी डाग आहे. पंधरा वर्षांपूर्वी मी स्वतः हजारएक रुपये वाचवण्यासाठी अशीच एक पेटी घेतली होती. मेली ती मेलीच, जाताना हार्ड डिस्कही घेऊन गेली. बहिणीच्या लग्नाचे सगळे फोटो त्या डिस्कवर होते आणि दुसरी प्रत नव्हती. त्या कंपनीचे नाव आता बाजारात दिसत नाही, पेट्या मात्र दुसऱ्या नावांनी दिसतात.

'८० प्लस गोल्ड' या चिन्हाबद्दलही तुम्ही विचारले आहे. ते चिन्ह फक्त कार्यक्षमतेचे आहे. निम्म्या भाराला साधारण ९० टक्के, एवढेच गोल्ड सांगते. ब्राँझ ८५ सांगते. १२ व्होल्टचा दाब किती स्थिर राहतो, अतिभार, अतिव्होल्टेज, शॉर्ट सर्किट आणि अतिउष्णता यांपासून संरक्षण आहे की नाही, यांबद्दल ते चिन्ह मुके आहे. तरीही गोल्ड पाहून घ्यावे असे मी सांगतो, कारण ती कार्यक्षमता गाठायला आतली बांधणी बरी लागते. त्याहून बोलका पुरावा वॉरंटीचा. जी कंपनी सात किंवा दहा वर्षांची वॉरंटी देते तिने आपल्या कपॅसिटरांचा हिशेब केलेला असतो. पूर्ण क्षमता किती तापमानाला दिली आहे तेही माहितीपत्रकात शोधा. काही सप्लायना ४० अंशांची अट असते, काहींना ५० ची. मे महिन्यात इंदूरच्या माडीवर, कॅबिनेटच्या पोटात, ४० म्हणजे काहीच नाही.

आता दुपारी संगणक बंद पडण्याविषयी. हा दोष सप्लायचाच, असे तुम्ही गृहीत धरले आहे, आणि आतेभावाने विंडोजमधली 'कर्नल-पॉवर ४१' ही नोंद दाखवून त्यावर शिक्कामोर्तब केले आहे. ती नोंद एवढेच सांगते की यंत्र रीतसर बंद न होता बंद झाले. कोणी बंद पाडले ते ती सांगत नाही. मला तुमच्या पत्रातला 'दुपारी' हा शब्द जास्त महत्त्वाचा वाटतो. दुपारी गल्लीतले सगळे कूलर आणि एसी चालू असतात, व्होल्टेज उतरते, तुमचा ६०० व्हीएचा यूपीएस टकटक करत बॅटरीवर जातो, आणि त्याची बॅटरी तुम्हीच लिहिल्याप्रमाणे चार वर्षांची आहे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात अशी बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते. शिवाय ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नव्हेत. अशा घरगुती यूपीएसची खरी क्षमता साधारण ३६० वॅट असते. तेव्हा एक-दोन दुपारी यूपीएस बाजूला ठेवून संगणक थेट भिंतीच्या सॉकेटाला लावा आणि तेच रेंडर चालवून पाहा. बंद पडणे थांबले तर गुन्हेगार यूपीएस. थांबले नाही तर कॅबिनेटची जाळी आणि प्रोसेसरवरचा पंखा यांतली धूळ काढून, तापमान पडद्यावर ठेवून पुन्हा पाहा. त्यानंतरच संशय सप्लायवर आणावा. जुना संगणक विकायचा किंवा घरात कोणाला द्यायचा असेल तर ही चाचणी वाया जाणार नाही, आणि नव्या यंत्राला तर हाच यूपीएस मुळीच पुरणार नाही.

नव्या यंत्राला सॉकेटातून ६६७ वॅट आणि मॉनिटरचे चाळीसएक लागतील. ११०० व्हीएचा यूपीएस साधारण ६६० वॅट देतो, म्हणजे काठावर नापास. १५०० व्हीएचा ९०० वॅटच्या जवळ जातो, पण महाग पडतो. यावर स्वस्तातली एक तोड आहे. प्रोसेसरला बायोसमधून, म्हणजे मदरबोर्डाच्या सेटिंगमधून, १०५ वॅटच्या इको मोडवर ठेवले की त्याची कमाल मागणी २३० वरून १४२ वॅटवर येते, आणि कार्डाची विजेची मर्यादा खाली आणली की त्याचे ३०० चे अडीचशेच्या आसपास होतात. आतली बेरीज साडेचारशेच्या आसपास आणि सॉकेटातून ५०० वॅटच्या थोडे वर. रेंडरचा वेग यामुळे थोडा कमी होतो, पण वीज जितकी घटते तितका नक्कीच नाही, आणि खोलीही कमी तापते. मे-जूनपुरते तरी असे चालवून पाहा. चित्रफीत रेंडर करताना सरळ चित्रफितीची फाइल न बनवता एकेक चौकट (फ्रेम) वेगळे चित्र म्हणून साठवण्याची सवय लावून घ्या. मग वीज गेली तरी वाया जाते ती एक चौकट, आणि यूपीएसने पाच मिनिटे तग धरला तरी काम भागते.

यूपीएस नवा घ्यालच तर शुद्ध साइन वेव्हचा घ्यावा. आजच्या चांगल्या सप्लायमध्ये अॅक्टिव्ह पीएफसी नावाची रचना असते आणि स्वस्त यूपीएसच्या पायऱ्यापायऱ्यांच्या लहरीवर असे काही सप्लाय रुसतात. वीज गेली की यूपीएस चालू आणि संगणक बंद, असा विचित्र प्रकार होतो. घरातल्या इन्व्हर्टरवर संगणक लावण्याचा विचार असेल तर त्याच्या मागचे बटण 'यूपीएस' स्थितीत आहे ना ते पाहा. वीज गेल्यावर सप्लाय आपल्या साठ्यावर संगणकाला सेकंदाचा साधारण साठावा भाग सांभाळतो. यूपीएस स्थितीत इन्व्हर्टर तेवढ्यात पोहोचतो, साध्या स्थितीत बहुधा पोहोचत नाही. स्टॅबिलायझर मात्र घेऊ नका. चांगला सप्लाय १०० ते २४० व्होल्टपर्यंत आपला आपण सांभाळून घेतो, आणि स्टॅबिलायझरचा रिले पलटताना जी क्षणभराची खंड पडते तीच कधीकधी नडते.

आणि आता त्या झिणझिण्या. संगणकाच्या सप्लायमध्ये विजेतला गोंगाट गाळण्यासाठी फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारांपासून धातूच्या पेटीकडे एकेक लहान कपॅसिटर जोडलेला असतो. त्यांतून अगदी थोडा प्रवाह सतत पेटीत झिरपतो, आणि तो तीन पिनांच्या प्लगातल्या वरच्या जाड पिनेवाटे अर्थिंगच्या तारेने जमिनीत जावा अशी योजना असते. त्या पिनेमागे तारच नसेल तर कॅबिनेटवर २३० च्या निम्मे, म्हणजे ११५ च्या आसपास व्होल्ट तरंगत राहतात, आणि अनवाणी पायाने तुम्ही हात लावला की ती अर्थिंगची तार तुम्हीच होता. प्रवाह फार थोडा असतो म्हणून झिणझिण्यांवर भागते. पण एखादी फेजची तार सुटून पेटीला टेकली, तर अर्थिंग असलेल्या घरात एमसीबी त्याच क्षणी पडतो, आणि नसलेल्या घरात ते कॅबिनेट पूर्ण २३० व्होल्ट अंगावर घेऊन कोणाच्या तरी हाताची वाट पाहत बसते. घरात लहान भाचा येतो-जातो असे तुम्ही लिहिले आहे.

इथे एक उलटी गोष्ट सांगितली पाहिजे. झिणझिण्या येतात म्हणजे सप्लाय खराब, असा समज सर्वत्र आहे. तुमच्या घरात त्या नवा, चांगला, ८५० वॅटचा सप्लाय बसवल्यावर कदाचित वाढतील, कारण चांगल्या सप्लायमध्ये ही गाळणी जागच्या जागी असते. माझ्या टेबलावरच्या पेटीसारख्या स्वस्त सप्लायमध्ये गाळणीच वगळलेली असेल तर झिणझिण्या येत नाहीत, आणि गिऱ्हाईक खूश होते. सप्लाय बदलून हा प्रश्न सुटणार नाही, तो भिंतीत आहे. ज्यांना अर्थिंग नाही त्यांच्या स्पाइक बस्टरचाही पावसाळ्यातल्या विजांपुढे फारसा उपयोग होत नाही, कारण जास्तीची वीज वळवायची ती बव्हंशी त्याच तारेत.

तुमच्यासारख्या जुन्या घरांत खालच्या मजल्यावर अर्थिंग असते, पण माडी नंतर चढवताना वर दोनच तारा नेलेल्या असतात आणि सॉकेट मात्र तीन भोकांचे बसवलेले असते. जाणत्या इलेक्ट्रिशियनला बोलावून माडीवरच्या सॉकेटाची तपासणी करून घ्या. फेज आणि न्यूट्रल यांमध्ये २३० च्या आसपास, फेज आणि अर्थ यांमध्येही जवळपास तेवढेच, आणि न्यूट्रल व अर्थ यांमध्ये एक-दोन व्होल्ट, असे मोजमाप यायला हवे. मल्टिमीटर अगदी क्षीण जोडणीलाही पूर्ण व्होल्टेज दाखवून फसवतो, म्हणून अनुभवी माणूस फेज आणि अर्थ यांमध्ये बल्बचा होल्डर लावून बल्ब झगझगीत पेटतो का तेही पाहतो. हे त्याला करू द्या. तुम्ही किंवा आतेभावाने करायचे काम ते नव्हे. आणि तो सॉकेट उघडून अर्थची पिन न्यूट्रलला तिथल्या तिथे जोडू लागला, तर त्याला थांबवा. झिणझिण्या त्याने लगेच जातात, म्हणून हा उपाय लोकप्रिय आहे; पण ज्या दिवशी मागे कुठे न्यूट्रल तुटेल त्या दिवशी तुमचे कॅबिनेट थेट फेजला जोडलेले असेल.

खरा उपाय म्हणजे माडीपर्यंत अर्थिंगची तिसरी तार ओढून घेणे आणि ती जिथे जमिनीत जाते तो खड्डा शाबूत आहे का ते पाहणे. माळव्याची काळी माती पावसाळ्यात ओल धरून ठेवते तोवर वीज चांगली मुरवते. एप्रिल-मे मध्ये ती भेगाळते, आक्रसते आणि पुरलेल्या नळीपासून सुटून येते. अंगणातल्या त्या झाकणाखाली उन्हाळ्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतण्याची आजोबांच्या पिढीची पद्धत त्यासाठीच होती. बहुधा तुमच्या घरातही ती असेल, बाबांना विचारा. खड्डा नव्याने करायचा झाल्यास तो आयएस ३०४३ या भारतीय मानकाप्रमाणे करून मागा, आणि त्याच खेपेस मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज जमिनीकडे गळू लागली की ती तोडणारा स्विच, बसवून घ्या. या सगळ्याला ग्राफिक्स कार्डाच्या किमतीच्या मानाने किरकोळ खर्च येतो. पैसे खरोखरच ओढाताणीचे असतील तर सप्लाय ८५० ऐवजी चांगल्या प्रतीचा ७५० घ्या आणि वाचलेले पैसे इथे घाला. बाबांची वायरिंगची काळजी अगदीच अनाठायी नव्हती, तिचे कारण मात्र वेगळे निघाले.

खरेदीला जाल तेव्हा कॅबिनेटच्या आत सप्लायची जागा किती लांब आहे ते मोजून न्या, काही मोठ्या पेट्या मागच्या तारांसह बसत नाहीत. कार्डाची सोळा पिनांची जोडणी '१२व्ही-२×६' या सुधारित प्रकारची असावी, सप्लायसोबत आलेल्या एकसंध केबलने करावी, टक् असे होईपर्यंत दाबावी आणि तोंडाशी तीन-चार सेंटिमीटरपर्यंत ती केबल वाकवू नये. ही जोडणी आधीच्या रूपात, अर्धवट बसल्यामुळे, वितळल्याच्या घटना २०२२ पासून झालेल्या आहेत. सप्लायचा पंखा खाली तोंड करून बसवणार असाल तर कॅबिनेट सतरंजीवर ठेवू नका. प्रोसेसरची आठ पिनांची केबल आणि कार्डाची आठ पिनांची केबल दिसायला सारख्या असल्या तरी त्यांतल्या तारांची मांडणी उलट असते, म्हणून टोकावरची अक्षरे वाचूनच लावा, जोर करून नको.

आणि जुना सप्लाय काढाल तेव्हा त्याच्या सुट्या केबली त्याच्याच खोक्यात भरून ठेवा. त्या नव्या सप्लायच्या भोकांत बसतात, म्हणून त्या वापरण्याचा मोह होतो. पण सप्लायकडच्या टोकाची मांडणी प्रत्येक कंपनीची, कधीकधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांचीही, वेगळी असते, आणि ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट गेले की एसएसडी जळायला दुसरे निमित्त लागत नाही.